रिटेकची खोड

शेवटच्या सिनेमात बाईंना काम मिळालं ते भिंतीवरच्या फोटोचं. नायकाची वारलेली आई. नायक समोर ढसाढसा रडायचा आणि बाईंनी चौकटीतून नुसतं बघायचं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं, की आता बोलायला मिळेल असंच काम करणार. नवरा म्हणाला, बोलायला घर आहेच की. चाळिशी उलटलेल्या बाई दुसऱ्याच दिवशी वकिलीच्या कॉलेजात नाव नोंदवून आल्या.

यथावकाश काळा कोट अंगावर चढला, पण अंगातली नटी काही उतरली नाही. खिडकीतून उजेड पडेल तिथे त्या आपसूक जाऊन उभ्या राहायच्या; मग न्यायाधीशांकडे पाठ झाली तरी बेहत्तर. तेवढं कोर्टाने चालवून घेतलं. नडली ती रिटेकची खोड. पहिल्याच उलटतपासणीत साक्षीदाराने हवं ते कबूल केलं, पण बाईंना स्वतःचाच सूर पसंत पडेना. "पुन्हा एकदा," म्हणत त्यांनी तोच प्रश्न छान ठसक्यात विचारला. तोवर साक्षीदार सावध झाला आणि साफ फिरला. केस गेली. त्यांचे सीनियर, उभ्या जन्मात थेटरची पायरी न चढलेले गृहस्थ, त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

आता शिवणकाम करणाऱ्या मावशींची केस होती. घरमालकाचं म्हणणं, दुकान कधीचं बंदच आहे, वापर नाही, तेव्हा जागा रिकामी करून द्या. दुकान गेलं तर मावशींना मशीन मांडायला दुसरी जागा नव्हती. बाईंनी सीनियरना गळ घातली. "सर, माझं अंग एकाच शब्दाला थांबतं. वेळ आली की तेवढं 'कट' म्हणा." सीनियरनी तोंड वाकडं केलं. असले चाळे या वयात आपल्याच्याने व्हायचे नाहीत म्हणाले.

घरमालक पिंजऱ्यात आला तो तोऱ्यातच. राहायला दुकानाच्या बरोबर वर. बाईंनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, गुडघ्यांची केली, आणि हळूच विचारलं, "दुपारी जरा झोप लागते का?"

"कुठली झोप! खाली हिची मशीन खडखडते ना रोज."

कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी मान खाली घालून ते टिपून घेतलं. आपण काय बोलून बसलो हे घरमालकाच्या डोक्यात अजून शिरलं नव्हतं.

आणि इकडे बाईंची चुळबूळ सुरू झाली. प्रश्न फारच पडेल आवाजात आला होता. 'झोप'वर जरा वजन द्यायला हवं होतं. त्या उजेडात सरकल्या, कॉलर सारखी केली, तोंड उघडलं.

मागून एक घोगरा, लाजलेला आवाज आला. "कट."

बाई मटकन खाली बसल्या. न्यायाधीशांनी चष्म्यावरून सीनियरकडे पाहिलं. सीनियर पंख्याकडे बघत होते.

मावशींचं दुकान राहिलं. निकाल ऐकून बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले, बाईंचा हात हातात घेतला.

"ताई, सगळं झकास झालं. फक्त तो झोपेचा प्रश्न जरा पडेल आला हो. परत विचारायला हवा होता तुम्ही."

बाईंनी विजयी मुद्रेने सीनियरकडे वळून पाहिलं. ते फाइल काखेत मारून, तुरुतुरु पायऱ्या उतरून कधीच फाटकाशी पोहोचले होते.