वकीलसाहेबांचा कॉम्प्युटरवरचा वर्ग

लिहिलेला कुठलाही कागद साहेब मला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. मी त्यांच्याकडे झाडलोट आणि चहा-जेवणाला होते, शिक्षण चौथीपर्यंत. हातातलं काम ठेवायला लावून ते मला अशिलाच्या खुर्चीत बसवायचे आणि वाचायला लागायचे. शेवटी विचारायचे, "कळलं?" मी नुसती मान हलवली की चिडायचे. "कळलं नाही हे तुझ्या मानेवरूनच दिसतंय, वासंती." मग तो भाग खोडून पुन्हा लिहायचे. म्हणायचे, "तुला कळलं की वकिलांनाही कळेल. त्यांना जरा जास्त वेळ लागेल, एवढंच."

साहेब वसई कोर्टात चाळीस वर्षं जमिनीचे दावे चालवत होते. बायको वारलेली, मुलगा परदेशात. कोर्टाजवळच्या घरातच खाली ऑफिस होतं. पासष्टी उलटल्यावर मुंबईच्या वकिलांच्या एका संस्थेने त्यांना कॉम्प्युटरवर वर्ग घ्यायला सांगितलं. ठिकठिकाणच्या तालुक्यांतले तीस-चाळीस वकील त्यात होते, वकिली करता करता पुन्हा शिकणारे. दर सोमवारी साहेब एक प्रकरण पाठवायचे, तीन प्रश्न घालून. आठवडाभर उत्तरं यायची. पण आलेलं उत्तर परस्पर सगळ्यांना दिसत नसे. ते आधी साहेबांकडे यायचं, ते वाचायचे, आणि त्यांनी पुढे सोडलं तरच बाकीच्यांना मिळायचं. प्रकरण ते आधी मराठीत कागदावर लिहीत, मला वाचून दाखवत, आणि मग एका बोटाने इंग्रजीत टाइप करत बसत. माझी भाकरी होऊन जायची तरी त्यांचं पान व्हायचं नाही.

उत्तरं पुढे सोडण्याचं काम ते फार मनापासून करायचे. कोणी दुसऱ्याला टोचून लिहिलं असेल तर ते अडवून त्याला फोन करायचे, "अरे, हे माझ्यापाशीच राहू दे. उद्या तुलाच लाज वाटेल." कोणी अगदी साधा प्रश्न विचारला तर त्याचं नाव काढून पाठवायचे, म्हणजे कोणी हसणार नाही. नाव काढलं की माणूस सुरक्षित, असं त्यांचं पक्कं मत होतं. मी त्यांच्याकडे होते तेवढ्या काळात त्यांनी कुणाचं नाव बाहेर पडू दिलं नाही.

एका सोमवारचं प्रकरण बापाच्या जमिनीतल्या मुलीच्या वाट्याचं होतं. साहेबांनी वाचलं, नेहमीसारखं विचारलं. मी एरवी प्रश्न विचारणारी नव्हे. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आणि तिने तलाठ्याकडच्या कागदावर सही केली असेल तर?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोणी केली सही?"

मग सांगावं लागलं. माझं माहेर भुईगाव. बाबांची स्वतः घेतलेली वाडी, चिकू आणि मोगऱ्याची. बाबा गेल्यावर दादा एक कागद घेऊन आला होता. "बाय, विहिरीवर मोटार बसवायची हाय. मीटरला सही लागते तुझी." मी केली. सहा महिन्यांनी कळलं की सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. तेव्हा आमच्या यांची वालीवच्या कारखान्यातली नोकरी चालू होती, तुळिंजच्या भाड्याच्या खोलीत आमचं भागत होतं. पुढे प्रेसच्या मशीनमध्ये यांची तीन बोटं गेली आणि नोकरीही गेली. मला वाडी नको होती. विहिरीकडचे दोन गुंठे मिळाले तर दोन खोल्या बांधून, मोगरा लावून दोन मुलींचं निभावलं असतं.

"तीन वर्षं माझ्या घरात वावरतेस आणि हे आज सांगतेस?" साहेब ओरडले. "बाई, तलाठ्याकडच्या जबाबाने हक्क जात नसतो. नाव गेलं, वाटा नाही गेला. दादाने जमीन विकायच्या आत दावा लागला पाहिजे, बस."

पण मे महिना लागला होता. कोर्टाला सुट्टी. साहेबांनी दाव्याचे कागद तयार करून ठेवले. म्हणाले, "कोर्ट उघडलं की पहिल्या दिवशी. घाई करण्यासारखं काही नाही." आजही मला वाटतं, ते दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्यांनी घाई केली असती. मी घरातली होते.

त्याच सुट्टीत वर्गाचा शेवटचा आठवडा आला. त्यांना एक खरंखुरं प्रकरण द्यायचं होतं. त्यांनी माझं लिहिलं आणि मला समोर बसवून वाचलं. माझं नाव नव्हतं, दादाचं नव्हतं, भुईगावही नव्हतं. किनाऱ्यालगतचं एक गाव होतं. पण मोटारीच्या मीटरची सही होती. आणि विहीर होती: अर्धी आमची, अर्धी शेजारच्या ख्रिस्ती घराची, मधल्या कठड्यावर त्यांच्या आजोबांनी बसवलेला दगडी क्रूस. हे का ठेवलं, तर विहिरीच्या वहिवाटीवरून वाटा सिद्ध होतो, ते शिकवायचं होतं.

भुईगावात तशी विहीर एकच आहे. मला ते ऐकताक्षणी जाणवलं. म्हणावं वाटलं, साहेब, तेवढा क्रूस काढा. पण चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला मी काय सांगणार? त्यांनी विचारलं, "कळलं?" मी म्हटलं, "कळलं."

दोन दिवसांनी ते खुशीत होते. वसई कोर्टातल्याच एका तरुण वकिलाने चांगला प्रश्न विचारला होता: बहिणीने दावा लावला आहे का, आणि नसेल तर भावाने आजच जमीन विकली तर घेणाऱ्याची बाजू काय? "पोरगा हुशार आहे. नेमकं बोट ठेवतो," साहेब मला म्हणाले. त्यांनी तो प्रश्न सगळ्यांना पाठवला, खाली स्वतःचं उत्तर जोडून: दावा अजून लागलेला नाही, सुट्टीनंतर लागेल.

आठव्या दिवशी वाडीशेजारच्या त्या ख्रिस्ती घरातली फिलूमावशी भुईगावहून तुळिंजला आली. पायरीवरूनच म्हणाली, "गो वासंती, तुमचे चिकू पाडतात. मशीन आणलंय. तुला ठाऊक हाय काय?"

मी तशीच साहेबांकडे गेले. सुट्टी कोर्टाला होती, दस्त नोंदवायच्या कचेरीला नव्हती. साहेब स्वतः जाऊन खरेदीखताची नक्कल घेऊन आले. घेणारा एक बिल्डर. शेवटच्या पानावर दादाला ओळखतो म्हणून सही करणारा तोच तरुण वकील. बिल्डरसाठी तो आधीपासूनच त्या वाडीचे कागद तपासत होता. साहेबांनी ते पान माझ्यासमोर धरलं आणि त्या सहीवर बोट ठेवलं. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मी त्या वकिलाला शिव्याशाप दिले. साहेब म्हणाले, "त्याने त्याच्या अशिलाचं काम केलं. माझ्या अशिलाचं मी केलं नाही." तेव्हा मी त्यांना क्रूसाचं सांगितलं, की मला जाणवलं होतं आणि मी गप्प बसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

कोर्ट उघडल्यावर दावा लागला. बिल्डरचं म्हणणं सरळ होतं: सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नव्हतं, आम्हाला काय माहीत? त्याला माहीत होतं, हे सिद्ध करायला एकच पुरावा होता, वर्गातला तो प्रश्न आणि त्याखालचं साहेबांचं उत्तर. पण एकाच दाव्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही. साहेबांनी माझं वकीलपत्र त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नीलाताईंकडे दिलं आणि स्वतः साक्षीदार झाले.

नीलाताई रडकुंडीला आल्या. "सर, तुम्ही अशिलाची गोष्ट वर्गात मांडलीत, हे भर कोर्टात कबूल करावं लागेल. उलटतपासणीत सोलून काढतील तुम्हाला."

"काढू दे. कातडी सैल झालीच आहे."

संस्थेतून फोन आले, की असं करू नका, वर्गाचं नाव जाईल, तुमचंही जाईल. साहेब म्हणाले, "आता नाव जपून काय करू? लोणचं घालू?" वर्ग त्यांनी त्याच आठवड्यात सोडला. सगळ्यांना चार ओळींचं पत्र पाठवलं: माझ्या चुकीने एका बाईची जमीन गेली, नाव काढल्याने माणूस झाकला जात नाही, हे मी तुम्हाला शिकवायला विसरलो. तेवढं एक पत्र त्यांनी मला आधी वाचून दाखवलं नाही. मला ते नीलाताईंकडून कळलं.

त्यांनी शपथपत्रावर सगळं लिहून दिलं. आता समोरच्यांनी उलटतपासणी घ्यायची होती. ती काही घेईनात. कधी वकील आजारी, कधी कागद मिळाले नाहीत, कधी नुसतीच पुढची तारीख. प्रत्येक तारखेला साहेब काळा कोट न घालता, साध्या शर्टात, साक्षीदारांच्या बाकावर येऊन बसायचे. ज्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलं तेच चहाच्या टपरीवर हसायचे. एकजण मला ऐकू जाईल असं बोलला, "सरांचा वर्ग आता कोर्टात भरतो. विद्यार्थी कोणी नाही." साहेबांनीही ते ऐकलं असावं. मला म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

अशी दोन वर्षं गेली. वाडीवर चार मजले उभे राहिले. विहीर बुजवताना क्रूस तेवढा फिलूमावशीच्या मुलाने उचलून नेला. साहेबांचे पाय सुजायला लागले, कोर्टाचा जिना त्यांना चढवेना. मी हात द्यायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "हे तारखा का घेतायत, कळलं गं? मी जायची वाट बघतायत."

तेच झालं. तारखेच्या नऊ दिवस आधी साहेब गेले. मुलगा आला, दिवस झाले, घराला कुलूप लागलं. नीलाताईंनी मला समजावलं, की उलटतपासणी न होता साक्षीदार गेला तर त्याच्या जबाबाला फारसं वजन राहत नाही. पुढे दावा फेटाळला गेला. अपील करायची ताकद माझ्यात नव्हती.

पण त्या तारखेला मी गेले होते. नीलाताई दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. बाकावर साहेबांच्या जागी दुसराच कोणी बसला होता. पट्टेवाल्याने दारात उभं राहून साहेबांच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा केला तेव्हा समोरचे वकील उठून म्हणाले, "साक्षीदार गैरहजर आहेत, तशी नोंद व्हावी."

मी उभी राहिले. "गैरहजर नाहीत ते. वारले."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

त्यांच्याकडे कामाला होते, असंच मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते.

"मी वादी आहे," मी म्हटलं. "ते माझ्यासाठी येत होते."