मेजर आत्या आणि हवालदारभाऊंचा पाय

माझी आत्या लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून मेजर होऊन निवृत्त झाली, हे आमच्या इंदुरी गावाला पचायलाच दोन वर्षं लागली. "नर्सबाई होती ना?" असं लोक विचारत. होती की! पण तिथल्या नर्सबाईच्या खांद्यावर अधिकाऱ्याचा हुद्दा असतो. पलटणीत बाकीच्या बायका यायच्या कितीतरी आधीपासून या बायका जखमी जवानांची उस्तवार करत होत्या. हे सांगून सांगून माझा घसा सुकला. आत्या मात्र एवढंच म्हणायची, "लढाई थांबली की बाकीचे झोपतात. आमची ड्युटी तेव्हा सुरू होते."

सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती वरच्या आळीतल्या हवालदारभाऊंची. घरची बागायती जमीन, पिळदार मिशा, आणि लष्करातून पेन्शनीत निघून बारा वर्षं झाली तरी पायात पॉलिश केलेले बूट. आम्ही बौद्धवाड्यातले. पूर्वी ते आत्याला एकेरी हाक मारायचे. आता ती समोर आली की हात आपोआप कपाळाला जाई, म्हणून बिचारे तिला लांबून बघूनच गल्ली बदलत. मला लय मजा वाटायची, खोटं कशाला बोलू!

गेल्या उन्हाळ्यात बेगडेवाडी स्टेशनावर मात्र बदलायला गल्ली नव्हती. आम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो, भाऊही होते. त्यांनी सॅल्यूट ठोकला. आत्यानं पाहिलं ते पायाकडं. डाव्या पायावर ते भारच देत नव्हते.

"हवालदार, बैठो. जूता उतारो."

"काय न्हाई मॅडम, बूट नवा हाय, चावतोय."

"हुकूम आहे."

झालं! सगळ्या फलाटासमोर भाऊंनी बाकावर बसून बूट काढला. मोजा अंगठ्याला चिकटला होता. आत्यानं बाटलीतलं पाणी ओतून तो हळूहळू सोडवला. अंगठा काळानिळा, वास सुटलेला. भाऊंना डायबेटिस, आणि ही जखम त्यांनी महिनाभर घरच्यांपासून बुटात लपवलेली.

"घरी नगा सांगू," भाऊ कुजबुजले. "मेडिकल क्याटेगरी खाली यील."

अहो, कसली क्याटेगरी? नोकरीत दुखणं उघड झालं तर बढती अडते, ही भीती अंगात एवढी मुरलेली. मी हसले. आत्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं. "पाय जाईल यांचा," ती म्हणाली. मग मीही घाबरले.

त्याच गाडीनं त्यांना लष्करी इस्पितळात नेलं. अंगठा गेला. अजून आठवडा काढला असता तर गुडघ्याखालचा सगळा पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं महिन्याभरानं भाऊ काठी टेकत आमच्याकडं आले आणि खुर्चीत बसले. त्यांच्या घरातलं कुणी आमच्याकडं कधी घोटभर पाणी प्यालं नव्हतं. "आत्ताच चहापाणी झालं" म्हणून सगळे उंबऱ्यावरूनच फिरत. माझ्या आजोबांना तर त्यांच्या ओट्याखाली उभं राहावं लागे. त्यावरून सुनवायचं एक तिखट वाक्य मी कॉलेजपासून तयार ठेवलं होतं.

"मॅडम," भाऊ मान खाली घालून म्हणाले, "च्या मिळंल का?"

"मिळेल. बिनसाखरेचा."

भाऊंनी तोंड वाकडं करत तो पार तळापर्यंत प्यायला. मग रिकामा कप माझ्यापुढं धरला. "आनखी अर्धा दे, पोरी."

माझं वाक्य राहिलंच. मी कप पुन्हा काठोकाठ भरला.