पार्क मात्र शांत होतं

फटाक्यांच्या माळेला 'हो' मीच म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. संस्थेच्या अहवालात "सहल यशस्वी झाली" एवढंच आहे, आणि तो अहवालही मीच लिहिलाय.

मी स्पेशल एज्युकेटर. गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या केंद्रात ऑटिझम असलेली मुलं येतात. त्यांना पेडण्याच्या थीम पार्कमध्ये न्यायचं ठरलं. यातल्या काहींना घरातला मिक्सरही सोसत नाही. आवाज, उजेड, गर्दी एकदम अंगावर आली की जीव घाबराघुबरा होतो. आम्ही त्याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतो. लोक हट्ट म्हणतात. म्हणून मी पार्कच्या मॅनेजरला पुरतं पिडलं. म्युझिक बंद, भोंगा बंद, रांग नको, एक शांत खोली हवी.

"सर, वेलकमला टाळ्या तरी?"

"नकोत."

या मुलांतल्या सान्वीची आई तिला घेऊन साखळीहून यायची. माहेर सावंतवाडीकडचं. लोक बघत राहतात म्हणून लेकीला घेऊन लग्नाकार्याला जाणंही तिने सोडलं होतं. मला म्हणाली, "सर, पार्कातल्या त्या झुकझुक गाडयेत तेका बसलेला बघूचा आसा माका. एकदाच."

निघायच्या आदल्या दिवशी आमचे अध्यक्ष, भाई, केबिनमध्ये आले. बस एका पुढाऱ्याने दिली होती.

"नारळ फोडून बस सुटतली. ते दोन शब्द उलयतले. आनी कार्यकर्ते एक माळ लायतले."

"भाई, पण मुलं..."

"अहो सर, हांगा रस्त्यार लायतले. पार्कांत न्हय!"

मला भाईंना 'नाही' म्हणायची सवय नव्हती. "बरं, जरा लांब लावा," म्हणालो.

सान्वीने बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि माळ पेटली. ती तिथेच खाली बसली, कान दाबून, किंचाळत. पुढारी माइकवरून म्हणाले, "घाबरू नको बाळा, तुमच्यासाठीच आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर किती समजावलं तरी सान्वी बसजवळ येईना. आई तिला रिक्षाने घरी घेऊन गेली.

पार्क मात्र इतकं शांत होतं की पक्षी ऐकू येत होते. मॅनेजर दबक्या पावलांनी चालत होता. बाकीची मुलं झुकझुक गाडीत हसत बसली. संध्याकाळी भाईंनी फोनवर माझं अभिनंदन केलं. मी "थँक यू" म्हणालो.

सहलीची तयारी आपल्याच फाटकापासून सुरू करायची असते. हे मला पार्कच्या फाटकात कळलं.

रविवारी साखळीला त्यांच्या घरी गेलो. सान्वी ओसरीवर बाटल्यांची झाकणं ओळीने मांडत होती. मी आईसमोर उभा राहून सुरुवात केली, "सान्वीला जो त्रास झाला, त्याबद्दल..."

"माका कित्याक सांगतास, सर? ता हयच बसलाहा. तेका सांगा."

मूल समोर असताना त्याच्याविषयी नाही, त्याच्याशी बोला, हे मी पालकांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय.

मी खाली, तिच्याशेजारी बसलो.

"सान्वी, फटाके लावायला मी हो म्हटलं. मला माहीत होतं, तुला त्रास होईल. तरी म्हटलं. माझी चूक झाली. सॉरी."