चंद्राबाईंचा धर्माचा तास

कोपरखैरण्यात लग्नं चंद्राबाई लावायच्या. आगरी माणसांच्या लग्नात मंत्रांपेक्षा मान धवल्यांचा. उंबराची फांदी आणण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ठरलेलं, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. गावातल्या अर्ध्याअधिक संसारांना सुरुवात चंद्राबाईंनी करून दिलेली होती. रस्त्यात एखादं जोडपं भांडताना दिसलं, तर त्या हटकून थांबत. "मी काय यासाटी घसा फोडलेला?" असं विचारत, आणि बहुतेक वेळा भांडण तिथंच मिटत असे.

आमच्या ह्यांची नोकरी मिठागरांवर होती, म्हणून आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी पडलं. दुपारी जेवणं उरकली की चंद्राबाई माझ्या ओटीवर येत, पान जमवत आणि म्हणत, "बाय, पेपर वाच." पेपर ठाण्याहून यायचा, तोही आदल्या दिवशीचा. त्यांना भाऊबंदकीच्या आणि कोर्टकचेरीच्या बातम्या आवडत. न्यायाधीश काय म्हणाले ते मी वाचायच्या आत चंद्राबाईंचा निकाल लागलेला असे.

त्या वर्षी मात्र त्यांचं बातम्यांत लक्ष नव्हतं. धवल्याची लांबलचक ओळ त्यांना आता एका दमात झेपत नव्हती. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोघी पोरी लग्न होऊन दूर गेल्या होत्या. उरली होती ती नात काशी. गळा असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. पण धवल्याचा एक नियम आहे. मांडव नाही, नवरानवरी नाहीत, तर धवला तोंडातून काढायचा नाही. म्हणजे तो घरी बसून शिकता येत नाही, लग्नालग्नांतून धवलारणीच्या मागे बसूनच शिकावा लागतो. बहुतेक लग्नं माघ-फाल्गुनात, आणि काशी होती चौथीत. गुरुजींनी तिला बजावलं होतं, आता आणखी खाडे झाले तर नाव काढून टाकीन. काशीला आजीबरोबर जायचं होतं आणि चौथी पासही व्हायचं होतं. यातलं एक सोड म्हटलं की ती चुलीपाशी जाऊन मुसमुसत बसे.

साठ साल नुकतंच लागलं होतं. एका दुपारी मी वाचत होते, की शाळेत मुलांना धर्म आणि नीती शिकवावी, असं दिल्लीच्या एका समितीनं सुचवलं आहे. त्यासाठी कायदा करावा असं काहींचं म्हणणं, आणि मुळीच करू नये असं बाकीच्यांचं.

"थांब, थांब," चंद्राबाईंचा अडकित्ता थांबला. "सरकारी शालेत धरम शिकवनार?"

"शिकवावा म्हणतायत. कायदा व्हायचाय अजून."

"शिकवनार कोन?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"नाय ना लिवलेलं?" त्या पदर झटकून उठल्या. "मग चल."

"कुठं?"

"मास्तरकडं. तू वाचलंस, तूच सांग."

त्यांच्या डोक्यात काय आलं ते वाटेत कळलं. धर्म जर शाळेत शिकवायचा विषय झाला, तर काशी धवले शिकत असेल तेव्हा ती शाळेतच आहे असं धरलं पाहिजे. मग खाडा कसला?

शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. गोवर्धन गुरुजी घणसोलीचे, वयानं तरुण, ट्रेनिंग झालेले. पण त्यांचं लग्न आदल्याच वर्षी चंद्राबाईंनी लावलेलं. ज्या बाईनं आपल्याला हळदीनं माखलेलं आणि भेदरलेलं बघितलं आहे, तिच्यासमोर छडी हातात धरायलाही ते संकोचत.

"मास्तर, दिल्लीवरनं हुकूम आलाय," चंद्राबाईंनी सुरुवातच अशी केली.

"हुकूम नाही हो, नुसती सूचना," मी मागून म्हणाले.

"वाचलंय मी," गुरुजी म्हणाले. "पण आजी, शिकवायचा तर कुणाचा धर्म शिकवायचा? इथं आपली पोरं आहेत, कोळ्यांची आहेत, बंदरावरच्या मुसलमानांची दोन आहेत."

"ज्याचं लगीन, त्याचा धरम. त्यात काय? मी धवल्यात समद्यांना आवतन देतंय. गावदेवीला, खारीवरच्या म्हसोबाला, बंदरावरच्या पीराला. पीराला नाय बोलावला तर त्याच्या दारावरनं वरात कशी जाईल?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. शेवटी त्यांनाच वाट सापडली. "पण आजी, लग्नाशिवाय तर तुम्ही गात नाही. मग तास घेणार कसा?"

हे चंद्राबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात मुलींच्या रांगेतून काशी ओरडली, "आजे, बाहुल्यांचं लगीन लावू ना!"

सगळी पडवी हसली. चंद्राबाई हसल्या नाहीत. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"हलद लावनार?"

"लावू."

"उंबराची फांदी?"

"आनू की."

"मांडव खरा पायजे. खोट्यानाट्याला मी गानार नाय."

शनिवारी हस्तव्यवसायाचा तास असे, तो गुरुजींनी देऊ केला. एरवी त्या तासाला मुलं टकळीवर सूत काढत आणि एकमेकांच्या केसांत गुंतवत. त्या शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत पडवीत आंब्याच्या डहाळ्यांचा गुडघाभर उंच मांडव उभा राहिला. नवरदेव चिंध्यांचा, नवरी लाकडाची आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच. गोजरा नावाच्या मुलीची बाहुली ती. गोजरा मुलीची आई म्हणून एवढी तोऱ्यात होती, की मुलाकडच्यांना पाणीदेखील विचारेना. चंद्राबाई पाय दुमडून बसल्या, हळदीचं बोट दोन्ही बाहुल्यांना लावलं, थोडा वेळ डोळे मिटून राहिल्या आणि गायला लागल्या. त्या एक ओळ म्हणत, मागून काशी म्हणे, तिच्यामागून सगळ्या मुली. मुलगेसुद्धा कधी मिसळले ते कळलं नाही.

निम्मा धवला झाला असेल, तोच देवळाच्या पायऱ्यांवर बूट वाजले. शाळातपासनीस आले होते. त्यांना सगळे दिपोटी म्हणत. ते न कळवता येत, हीच त्यांची ख्याती. गुरुजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण सुरू केलेला धवला मध्येच तोडत नाहीत, तोडला तर त्या जोडप्याचा संसार अर्ध्यावर राहतो. चंद्राबाईंनी गाता गाताच साहेबांना हातानं बसायची खूण केली.

साहेब बसायला लागले, तशी गोजरानं अडवलं. "तुमी मुलाकडचे का मुलीकडचे?"

"मी सरकारकडचा," साहेब म्हणाले.

"मग मधी बसा."

ते मध्ये बसले. कुणीतरी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि वेळ आली तेव्हा त्यांनी त्या टाकल्यासुद्धा. गाणं संपल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. "हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

"दिल्लीच्या," चंद्राबाई म्हणाल्या.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे. पेपरात काय आलं होतं, ते मी सांगितलं.

"बाई, कायदा झालेला नाही. होईल की नाही तेही ठाऊक नाही. आजचा नियम असा आहे, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचंच नाही."

काशीनं आजीचा पदर धरला.

"धरम?" चंद्राबाईंनी आश्चर्यानं चहूकडे पाहिलं. "यात धरम कुटं हाय, साहेब? पोरी बाहुल्या खेलतान."

"आत्ता तुम्हीच दिल्लीचं नाव घेतलंत ना?"

"त्यो कायदा झाला की यो धरम. तवर खेल."

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. पण साहेब नुसते हसून उठणारे नव्हते. त्यांनी काशीला पुढं बोलावलं, धडा वाचून घेतला, फळ्यावर गणित घातलं. वाचन चांगलं निघालं, गणित अर्धवट.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण खाडे केले तर नापास होईल. बाहुल्या करणं हस्तव्यवसायात बसतं. बाहुल्यांपुढं गाणं म्हटलं तर मी कान बंद करणार नाही. दर शनिवारी करा. मात्र परीक्षेपर्यंत हिला खऱ्या लग्नांना न्यायचं नाही. कबूल?"

कबूल म्हणजे फाल्गुनातली सगळी लग्नं त्यांनी एकटीनं, त्या आखूड झालेल्या दमावर ओढायची. त्यांनी काशीकडे बघितलं. काशी हळदीची बोटं परकराला पुसत खाली बघत होती.

"कबूल," त्या म्हणाल्या.

फाल्गुन त्यांना जड गेला. रबाळ्याच्या एका लग्नात ऐन हळदीच्या वेळी त्यांची ओळ मध्येच तुटली. मग दारातल्या एका म्हातारीनं ती ओळ उचलली, शेजारणीनं पुढे नेली, आणि चंद्राबाईंनी श्वास घेऊन ती परत आपल्याकडे घेतली. घरी येताना त्या मला म्हणाल्या, "बाय, समद्यांना थोडं थोडं येतंय गो. मना वाटलेलं, माज्याकडंच हाय."

इकडे शनिवारच्या तासाला त्याच दोन बाहुल्यांची इतकी लग्नं लागली, की नवरदेवाच्या चिंध्या हळदीनं कडक झाल्या. गोजरा मुलाकडच्यांशी बोलायला लागली. काशीचं गणितही सुधारलं, कारण ते झाल्याशिवाय गुरुजी मांडव घालू देत नसत.

त्या कायद्याचं पुढं काय झालं, हे चंद्राबाई मधूनमधून विचारत. कधी समितीची एखादी ओळ सापडे, कधी विरोधाचं पत्र. मी वाचून दाखवी. "भांडू दे त्यांना," त्या म्हणत. "घाई नाय."

काशी चौथी पास झाली. वैशाखात गावातच लग्न होतं, मोठ्या घरातलं, चार गावांचे पाहुणे आलेले. चंद्राबाईंनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली आणि तिसरीला त्या थांबल्या. काशीला वाटलं, आजीचा दम तुटला. तिनं घाबरून ओळ उचलली. बघते तर आजीनं पान काढून चुना लावायला घेतला होता. मग काशी थांबलीच नाही. देवांना आवतण झालं, हळद झाली, आणि बायकांचं कोंडाळं तिच्याभोवती सरकत सरकत घट्ट झालं.

चंद्राबाई हळूच उठल्या आणि मागच्या दारी माझ्याजवळ आल्या. पहिली पंगत बसत होती. धवलारणीचं पान नेहमी सगळ्यांच्या शेवटी, लग्न उरकल्यावर, तोवर सगळं गार झालेलं.

"बस गो," म्हणून त्यांनी मला शेजारी ओढलं. वाढप्यानं दचकून विचारलं, "आजे, तुमी आथाच?"

"वाढ," चंद्राबाई म्हणाल्या. वाफाळता भात पानात पडला. त्यांनी त्यावर कालवण घेतलं आणि आतून येणाऱ्या आवाजाकडे कान देत, बोटं भाजत, सावकाश जेवल्या.