दोन प्लेट्स आणि एक पायवाट

हाताने रंगवलेली इंग्लिश मातीची भांडी जमवायचा नाद मला नेदरलँड्समध्ये, लायडनला आल्यावर लागला. मोठ्या कारखान्यातली नव्हेत. एखाद्या कुंभाराने आपल्या छोट्या स्टुडिओत घडवलेली, वर टेकड्या, झाडं, मेंढ्या रंगवलेली. जुन्या वस्तूंच्या दुकानात सायकलचा दिवा शोधायला गेले होते, तिथे पहिली प्लेट दिसली. चौकोनी, तिच्यावर हिरवी टेकडी, दगडी कुंपण आणि एक पायवाट, जी वळण घेऊन उजव्या काठावरून थेट प्लेटबाहेर जात होती.

सहा वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, अशी भांडी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी तशाच प्लेटचा फोटो टाकला. तिच्यात पायवाट डाव्या काठातून आत येत होती! मागे सहीसुद्धा तीच. मालक होते ग्रोनिंगनचे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. मी लगेच विचारलं, "विकणार का?"

उत्तर आलं, "तुम्ही विकणार का?"

शेवटी एका शनिवारी प्लेट टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ट्रेनने देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. सोबत घरचा चिवडा नेला होता. मास्तरांनी तो तिकडच्या खास मोहरीच्या सूपवर भुरभुरून दोन वाट्या संपवला.

मग टेबलावर प्लेट्स शेजारी ठेवल्या. पायवाट जुळली. कुंपणाचा दगडन् दगड जुळला.

"आता यांना वेगळं करणं पाप आहे," ते म्हणाले.

"हो ना. पण ठेवायच्या कुणाकडे?"

"छापा-काटा करू."

मी छापा मागितला. काटा पडला.

सत्तरीचे मास्तर टाळ्या पिटत उठले, मग माझा चेहरा बघून ओशाळले. "माझ्या कपाटातलं काहीही उचला. अगदी काहीही!" मी मेंढ्या रंगवलेला एक जाडसर मग उचलला.

परतीच्या ट्रेनमध्ये नवऱ्याचा फोन आला. "आणलीस का दुसरी प्लेट?"

"पहिलीही देऊन आले."

तो इतका हसला, की मलाही हसू आवरेना.

भिंतीवरची मोकळी जागा दिसली की अजून थोडं वाईट वाटतं. पण मास्तरांनी मार्चमध्ये जेवायला बोलावलंय. आणि त्या मगातून मी रोज चहा पिते. एवढी भांडी जमवली, पण वापरायची हिंमत झालेलं हे पहिलंच.