आप्पांची बाटली आणि वैशाखाचं ऊन

आप्पांच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी सवयीप्रमाणे नाटकी आवाजात "बोला सरकार" म्हणालो. पलीकडे वहिनी होत्या, आप्पा गेल्याचं सांगत होत्या... पुढे कितीतरी दिवस माझ्या तोंडून एकही विनोद फुटला नाही. मला ओळखणाऱ्यांना त्याचाही धक्काच बसला.

म्हसावदचे केळीवाले सुपडूआप्पा नात्याने माझे चुलतभाऊ, पण खरं तर उचापतींतले साथीदार. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिकला लग्नाला गेलो असताना, जन्मात थेंबाला न शिवलेल्या या माणसाने रेड वाईनची बाटली घेतली. दुकानदाराने बजावलं, गारव्यात, अंधारात ठेवा, जुनी होईल तशी खुलेल. आप्पांनी घरी एवढंच सांगितलं की द्राक्षांचं आहे, मुरवायचंय. मुरवायचंय म्हटल्यावर वहिनींना पुढचं कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या उन्हाळ्यात गेलो तर गच्चीवर लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत, मानेला पांढरं फडकं बांधून, बाटली पाहुणीसारखी ऊन खात बसलेली. तेही आमच्याकडचं वैशाखाचं ऊन! मी धावत खाली आलो. आप्पांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "केवढा जीव लायेल शे तिनी. सांगू नको."

मग आप्पांच्या लेकीचं लग्न झालं, नातू झाला. दरवेळी मी मुद्दाम बाटलीचा विषय काढायचो आणि आप्पा वैद्याच्या गांभीर्याने सांगायचे, अजून एक उन्हाळा जाऊ द्या. वहिनी खूश.

परवा दुपारी वहिनींनी ती बाटली माझ्यापुढे ठेवली. त्यांची इच्छा राहून गेली, तुम्हीच उघडा, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? बूच पेचकसाने आत ढकललं आणि वासानेच डोळ्यांत पाणी आलं. तरी मी घोट घेतला, डोळे मिटले, मान डोलावली. इतका चांगला अभिनय मी गणपतीतल्या नाटकांतही केला नव्हता. पण वहिनींनी तळहातावर थेंब घेतला, लोणच्याचा खार चाखतात तसा चाखला.

"आंबट शे, भाऊ."

मी बाटलीत बूच कुठे तरंगतंय ते बघू लागलो.

"मन्हा उन्हामुये बिघडनी ना? त्यासले माहीत व्हतं?"

मी होकाराची मान हलवली.

"दर साल गच्चीवर बाटली तेच लई जायेत," त्या म्हणाल्या. "मी सांगाना आधी."

मग पदराने डोळे पुसून त्या उठल्या. दोन कांदे चिरले, मीठ लावलं आणि त्यावर ती बाटली चांगली सढळ हाताने ओतली. मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, स्वतःही समोर बसल्या. दोन घास झाल्यावर विचारलं, "आते खरं सांगा. कसं शे?"

खरंच सांगतो, झकास होतं. मी आणखी कांदा मागितला.