काळ्या स्क्रीनवर अडकलेल्या मंगलाष्टका

हे दुपारीच लिहायला हवं होतं, पण आधी वाडीत भटकत राहिलो, मग विहिरीवरचा रहाट बघत बसलो.

निघालो होतो दिघीची फेरीबोट पकडायला, पण ती राहिलीच. अलिबागजवळ ज्यांच्याकडे उतरलोय, त्या काकू सकाळी रडकुंडीला आलेल्या. संध्याकाळी पुतणीचं लग्न, स्वतः रचलेल्या मंगलाष्टका काँप्युटरमध्ये, आणि भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलेला तो काँप्युटर वीज जाऊन आल्यापासून काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन विचारतोय.

"पासवर्ड उमटतच नाही रे मेल्या! कीबोर्ड गेला."

"काकू, तो इथे दिसत नसतो. न बघता टाका."

"न बघता मी भाकरीसुद्धा थापत नाही."

तरी त्यांनी टाकला आणि लॉगिन झालं. फाइल उघडली, तर ओळीच्या ओळी नुसते चौकोन. त्या काळ्या स्क्रीनला मराठी दाखवता येत नाही.

"खाल्ल्या माझ्या ओळी," म्हणत काकू मटकन खाली बसल्या.

मी startx, म्हणजे डेस्कटॉप सुरू करायची कमांड, टाइप करून एंटर मारलं. थोडा वेळ काहीच नाही. मग डेस्कटॉप आला, फाइल पुन्हा उघडली आणि सगळी कडवी जागच्या जागी. फाइलला काही झालंच नव्हतं, घाबरलो आम्हीच. लगेच प्रिंट काढली.

आता मांडवात बसून लिहितोय. तुमच्याकडे घरी रचलेल्या मंगलाष्टका अजून म्हणतात का? काकू कागद धरून घसा खाकरतायत.

आणि आत्ताच नवऱ्या मुलाची आजी आली. ती येणार नव्हती म्हणे. तिच्याही हातात मंगलाष्टकांची चार पानं आहेत.